नवीन विचारलं की जुनी यादी देऊ नका

"आजकाल मराठीत चांगली रहस्यकादंबरी कुठली आलीये?" असं कुणीही कुठेही विचारू द्या, पुढे काय होणार हे आता तोंडपाठ झालंय. पहिल्या पाच मिनिटांत बाबूराव अर्नाळकर येतात, मग भयकथावाले नारायण धारप, मग रत्नाकर मतकरी, सुहास शिरवळकर, कुणीतरी गुरुनाथ नाईकांचं नाव टाकतं आणि मग "काय दिवस होते ते, एका रात्रीत पुस्तक संपायचं" सुरू होतं ते थांबतच नाही. विचारणारा बिचारा बाजूलाच राहतो. अर्नाळकर १९९६ ला गेले, शिरवळकर २००३ ला, धारप २००८ ला, मतकरी २०२० ला, आणि विज्ञानकथा म्हटलं की पहिलं नाव ज्यांचं निघतं ते नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात. प्रश्नात "आजकाल" हा शब्द होता हो! त्यानंतर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, आता कोण लिहितंय असलं, मराठी लेखकाला खून आणि अंतराळयान जमतच नाही, तो घरातल्या घुसमटीवरच लिहिणार. दुसरी म्हणते, लिहून तरी काय उपयोग, वाचतंय कोण, पोरं सगळी मोबाईलमध्ये. दोन्ही पार्ट्या तावातावाने भांडतात आणि त्या आठवड्यात आलेल्या एकाही नव्या कादंबरीचं नाव दोघांनाही माहीत नसतं.

माझं म्हणणं असं की हा वादच चुकीच्या जागी चाललाय. लिहिणारे आहेत, वाचणारेही आहेत, मधला माणूस नाहीसा झालाय. नवी भयकादंबरी किंवा नवी प्रेमकथा ज्याला आवडू शकेल अशा माणसाच्या हातापर्यंत ती न्यायची हे मराठीत आज कुणाचंच काम राहिलेलं नाही. समीक्षकाला त्यात रस नाही, वर्तमानपत्रांच्या पुरवणीत पुस्तकांना उरलेली जागा चरित्र, वैचारिक आणि अनुवाद यांनीच भरते, आणि प्रकाशकाला स्वतःच्या पुस्तकावर "रहस्यकादंबरी" असं छापायची लाज वाटते. हे शेवटचं मुद्दाम तपासून बघा. दुकानात उभं राहून पाच-सहा नव्या कादंबऱ्यांचं मलपृष्ठ वाचा. आत बहुतेक एक प्रेत आहे, एक इन्स्पेक्टर आहे, पावसाळ्यात बंद पडलेला घाट आहे, आणि मलपृष्ठावर काय लिहिलेलं असतं तर "मानवी मनाच्या अथांग तळाचा वेध घेणारी, नात्यांची गुंतागुंत उलगडणारी संवेदनशील कलाकृती". अरे, खून झालाय की नाही तेवढं सांगा! ज्याला खून हवाय तो हे वाचून पुस्तक खाली ठेवतो, आणि ज्याला संवेदनशील कलाकृती हवीये तो घरी नेऊन तिसऱ्या प्रकरणात वैतागतो.

पूर्वी हे काम कसं व्हायचं ते नीट आठवा, कारण "तेव्हा वाचक होते" एवढं म्हणून भागत नाही, तेव्हा व्यवस्था होती. गल्लीत सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, महिन्याची वर्गणी आणि थोडं डिपॉझिट. काउंटरवरच्या काकांना "काका, असंच अजून काहीतरी द्या ना" म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि मागचा गठ्ठा न उचकता एक पुस्तक पुढे सरकवायचे. त्या माणसाला आख्ख्या वॉर्डाची आवड पाठ होती, कुणाला अर्नाळकरांचा झुंजार लागतो, कुणाला त्यांचाच काळा पहाड, कुठल्या आजींना कुमुदिनी रांगणेकरांच्या प्रेमकथा आणि कुणाला फक्त भुताटकी. पुस्तकात मागे चिकटवलेला तारखांचा कागद असायचा, तो शिक्क्यांनी काळा झालेला असला की समजायचं की माल चांगला आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने "मस्त!!" किंवा "फालतू, वेळ घालवू नका" असे शेरे असायचे, काही लोक ठरावीक पानावर आपली बारीक खूण करायचे म्हणजे एकच पुस्तक परत आणलं जाऊ नये म्हणून, आणि अधूनमधून एखादा महाभाग पहिल्याच पानावर "खुनी डॉक्टर आहे" असं लिहून ठेवायचा, त्याला देव क्षमा करो. याच्या जोडीला मासिकं होती. अनंत अंतरकरांनी "हंस" आणि "मोहिनी"सोबत "नवल" काढलं ते खास गूढ, भय, अद्भुत यांच्यासाठी. दिवाळीत शंकरराव कुलकर्ण्यांचा "धनंजय" याच वाचकासाठी यायचा. म्हणजे नवीन लेखक आधी मासिकात दिसायचा, आवडला तर लायब्ररीत मागितला जायचा, मागणी आली की प्रकाशक पुढची कादंबरी छापायचा. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या हे आपण त्यांचा पराक्रम म्हणून सांगतो, आणि तो आहेच, पण एवढ्या गोष्टी दर महिन्याला वाचकापर्यंत नेऊन पोचवणारी साखळी होती म्हणून तो पराक्रम शक्य झाला हे सांगायचं राहून जातं.

साखळी म्हणजे नक्की काय हे बघायचं तर नारळीकरांचंच उदाहरण घ्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला कृष्णविवरावरची एक कथा आली, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ती पहिली आली आणि नंतर कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून पाठवलेले. नावाच्या वजनाशिवाय गोष्ट टिकते का हे त्यांना बघायचं होतं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. मग "किर्लोस्कर"सारख्या मासिकांतून कथा, मग संग्रह, मग कादंबऱ्या, आणि २०२१ ला नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्ष ते स्वतःच. आता यातली टॅलेंटची बाजू सोडा, ती निर्विवाद आहे. पण बघा, एका संस्थेने स्पर्धा घेतली, संमेलनाच्या व्यासपीठावरून एका मोठ्या लेखिकेने नाव घेतलं, मासिकाने जागा दिली. तीन दारं एकामागून एक उघडली. आज कुणी चिपळूणचा किंवा परभणीचा नवा "जगताप" तेवढीच चांगली कादंबरी लिहून बसला असेल तर त्याच्यासाठी यातलं कुठलं दार उघडं आहे, सांगा ना?

आता समोरच्यांच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यातले काही खरंच दमदार आहेत. पहिला म्हणजे चोरीचा. आपल्या जुन्या लोकप्रिय लेखनातलं बरंच इंग्रजीवरून उचललेलं होतं, कधी सांगून, बहुतेकदा न सांगता. धारपांच्या काही कथांमागे स्टीफन किंग उभा आहे हे आता सगळ्यांना माहितीये, जुने कादंबरीकार दातारशास्त्री इंग्रज लेखक रेनॉल्ड्सवर जगले, आणि त्या काळच्या ढिगाऱ्यातलं पुष्कळसं आज परत वाचवत नाही, हेही मान्य. मग असल्या मालाला कशाला डोक्यावर घ्यायचं? तर याचं उत्तर असं की ज्या हरिभाऊ आपट्यांपासून आपण मराठी सामाजिक कादंबरीचा प्रवाह मोजतो त्यांची १८८५ सालची पहिली कादंबरीसुद्धा रेनॉल्ड्सच्याच लंडनच्या रहस्यांचं बोट धरून उभी राहिली होती. हरिभाऊंना आपण तेवढ्यावर हाकललं नाही. का? कारण ते पुढे कुठे गेले हे बघणारी समीक्षा त्यांच्या मागे उभी होती, कोण कुठून घेतो, त्यात स्वतःचं किती घालतो हे कुणीतरी वाचून सांगत होतं. रहस्यकथेच्या वाट्याला ते वाचणं आलंच नाही. कुणी बघतच नाही म्हटल्यावर उचलेगिरी करणारा आणि मेहनत करणारा एकाच गठ्ठ्यात बांधले जाणार, आणि मेहनत करणाऱ्याला मेहनतीचं कारणच उरणार नाही. दर्जा नाही म्हणून समीक्षा नाही असं जे सांगतात त्यांनी एकदा हे उलटं करून बघावं.

प्रेमकथेची तर त्याहून कमाल आहे. कुमुदिनी रांगणेकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे यांनी घराघरातल्या बायकांना वर्षानुवर्षं वाचायला दिलं, पण वाङ्मयेतिहासात त्यांना किती ओळी आहेत ते जाऊन बघा. चंद्रकांत काकोडकरांची "शामा" ही गोष्ट "रंभा"च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ मध्ये कोर्टाने सगळी गोष्ट वाचून, त्यातला कवी, त्याच्या आयुष्यात आलेल्या बायका, वादग्रस्त परिच्छेद आणि त्यांचा संदर्भ असं सगळं तपासून ती अश्लील नाही असा निकाल दिला. म्हणजे मराठी प्रणयकथेचं इतकं बारकाईने वाचन आपल्या एखाद्या टीकाकाराने केल्याचं मला आठवत नाही, ते न्यायमूर्तींना करावं लागलं. हसायला येतं पण खरंय.

दुसरा मुद्दा बाजाराचा. मराठी कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती आता पाचशेवर, तीनशेवर आलीये, तिथे आणखी हे वेगळे कप्पे करून कुणाचं पोट भरणार? हा मुद्दा मी हलका धरत नाही, प्रकाशकाला कागदाचं बिल स्वतःच भरायचं असतं. पण मागणी नाही हे मात्र पटत नाही. शिरवळकरांची "दुनियादारी" २०१३ ला पडद्यावर आली आणि जी पोरं मराठी पुस्तकाला हात लावत नाहीत असं आपण म्हणत होतो ती दुकानात कादंबरी मागायला लागली. "तुंबाड"मागे धारपांच्या गोष्टीची प्रेरणा आहे हे दिग्दर्शकाने सांगितलं, २०२४ ला तो सिनेमा परत थिएटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, आणि त्या गडबडीत धारप वाचायला काढलेली पंचविशीतली माणसं माझ्या ओळखीत आहेत. वाचक होता, त्याला नाव कळलं की तो आला. वाईट एवढंच की ते नाव सांगायला सिनेमाला यावं लागलं, आणि सिनेमा सांगणार ते पुन्हा जुनंच नाव.

तिसरा मुद्दा हल्ली सगळ्यात जोरात असतो. काका गेले, अल्गोरिदम आला, तोच सांगेल की "हे वाचलंत, आता ते वाचा". आणि हे काही प्रमाणात होतंयही. प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत भयकथा आणि प्रेमकथांचे भाग रोज पडतात आणि धडाधड वाचले जातात, पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल २०१७ ला भारतात आलं आणि बऱ्याच लोकांनी गाडी चालवता चालवता परत रहस्यकथा ऐकायला घेतल्या. कौतुक आहे. पण अल्गोरिदम हा काही अंतर्ज्ञानी बाबा नाही, त्याला जे भरवाल तेच तो ओकणार. ऑनलाईन दुकानात छापील मराठी कादंबरी शोधून बघा. प्रकार: कादंबरी. विषय: कादंबरी. कधी कधी तर नुसतंच "मराठी", जसं काही तो एक साहित्यप्रकार आहे. एकाच लेखकाचं आडनाव इंग्रजीत कुठे व्हीने लिहिलेलं, कुठे डब्ल्यूने, कुठे मधलं एक अक्षर गाळलेलं, त्यामुळे मशीनच्या हिशेबी ते तीन वेगवेगळे लेखक, तिघांचीही एकेक-दोन पुस्तकं. बाबूराव लिहिताना "बू" दीर्घ की ऱ्हस्व यावर सुद्धा निकाल बदलतात. आता या कचऱ्यातून कुठलं मशीन कुणाला काय सुचवणार? ते जे सगळ्यात जास्त खपतंय तेच पुढे ढकलतं, म्हणजे शिवाजी महाराज, पैसे कसे कमवावे आणि सवयी कशा बदलाव्या. आणि जिथे भाग पडतात तिथे दुसरीच गोची आहे, तिथे पहिल्या तीन परिच्छेदांत पकडणाऱ्यालाच वाचक मिळतो, दीडशे पानं शांतपणे सापळा रचणाऱ्या कादंबरीला तिथे कुणी थांबत नाही. हे त्या ॲपचं पाप नाही, त्याचा तो धंदा आहे. पण म्हणून त्याच्यावर सगळं सोपवून हात झटकायचे?

दुसरीकडे काय केलं लोकांनी? लंडनमध्ये १९३५ ला ॲलन लेनने पेंग्विन प्रकाशन काढलं तेव्हा पहिल्या दहा पुस्तकांत हेमिंग्वे होता आणि अगाथा ख्रिस्तीही, दोघांची किंमत सहा पेन्स, फरक एवढाच की साधी कादंबरी नारिंगी आणि गुन्हेकथा हिरवी. स्टेशनवरच्या माणसाला दुरून कळायचं. इटलीत तर मोंदादोरी या प्रकाशकाने १९२९ पासूनच गुन्हेकथांना पिवळं कव्हर घातलं होतं. त्याच १९३५ साली जपानमध्ये किकुची कान या संपादकाने दोन पुरस्कार एकदम सुरू केले, अकुतागावा आणि नाओकी, पहिला शुद्ध साहित्याला, दुसरा लोकप्रिय साहित्याला. दोन्ही आजही एकाच वेळी जाहीर होतात. २००६ मध्ये केइगो हिगाशिनोला नाओकी मिळाला तो एका रहस्यकादंबरीसाठी, आणि आज पुण्यातली कॉलेजची पोरं त्याचं इंग्रजी भाषांतर बॅगेत घेऊन फिरतात. त्यांना तो कसा सापडला? कुठल्यातरी यादीतून, पुरस्कारातून, कुणीतरी नीट लिहिलेल्या परीक्षणातून. आपल्याला ओसाका सापडतं आणि औरंगाबाद सापडत नाही याचं कारण औरंगाबादचा लेखक कमी पडला हेच असेल असं कशावरून?

जपान लांब वाटत असेल तर बंगाल घ्या. सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदा १९६५ ला "संदेश" या मुलांच्या मासिकात आला आणि पुढे त्याच्या कादंबऱ्या "देश" या नियतकालिकाच्या दुर्गापूजेच्या अंकात, म्हणजे जिथे बंगालीतले सगळ्यात गंभीर लेखक छापले जायचे त्याच अंकात. शेजारी-शेजारी. वाचकाने एकासाठी अंक घ्यायचा आणि दुसराही वाचून टाकायचा. आणि ब्योमकेश बक्षीचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय? ते १९५२ पासून पुण्यात राहत होते, १९७० ला वारेपर्यंत. म्हणजे भारतातल्या एका सगळ्यात गाजलेल्या डिटेक्टिव्हच्या बऱ्याचशा गोष्टी पुण्यात बसून लिहिल्या गेल्या, कलकत्त्यात छापल्या गेल्या आणि तिथल्या वाचकाने त्या डोक्यावर घेतल्या. पुण्याची हवा रहस्यकथेला मानवत नाही असं तरी आता म्हणू नका. आपल्याकडे दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या "मनोरंजन"पासूनची, बंगालच्या पूजा अंकांना तोडीस तोड, पण आपण केलं काय तर गूढकथेचा अंक वेगळा आणि "दर्जेदार" अंक वेगळा, आणि दर्जेदार अंकाच्या संपादकाने गूढ अंक चाळलेला सुद्धा नसतो.

एक तक्रार मात्र आपल्या बाजूच्या लोकांबद्दलही आहे. लोकप्रिय कादंबरीची बाजू घेणारे हमखास म्हणतात, "अहो निदान त्यामुळे वाचायची सवय तरी लागते, आज अर्नाळकर, उद्या जी. ए." म्हणजे काय, तर ही पहिली पायरी, हिच्यावर पाय ठेवून वर जायचं आणि वर गेल्यावर खाली बघायचं नाही. असला वकील असल्यावर विरोधी पक्षाची गरज काय? मी पन्नाशीला आलेली माणसं बघतो जी श्याम मनोहरही वाचतात आणि रात्री झोपताना खूनही वाचतात, त्यांना कुठेच चढायचं नाहीये. चांगली रहस्यकादंबरी लिहायला माहिती कधी द्यायची, कधी लपवायची आणि लपवूनही वाचकाला फसवलं म्हणून शिव्या घालू द्यायच्या नाहीत हे जे जमावं लागतं ते सोपं नाही, आणि ते तपासायला रहस्यकथेचेच निकष लागतात. "व्यक्तिरेखा पुरेशा खोल नाहीत" असं म्हणून भागत नाही, सुगावा चौथ्या प्रकरणात प्रामाणिकपणे ठेवला होता का ते सांगा.

लेबल लावलं की लेखक त्यात अडकतो, हाही एक आक्षेप असतो. अडकतो थोडासा, खरंय. पण न सापडण्यापेक्षा अडकलेला बरा.

मग करायचं काय? पुरस्कार वगैरे होतील तेव्हा होतील, त्याला पैसा आणि समित्या लागतात आणि समिती म्हटलं की आपण दोन वर्षं गेलो. त्याआधी एक बिनपैशाचं काम आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, तालुक्याची, गावातली, कुणा जुन्या वाड्याच्या माडीवरची. सरकार दरवर्षी ग्रंथनिवड यादी काढतं आणि त्यातून ही ग्रंथालयं पुस्तकं घेतात. पुस्तक येतं, दाखल क्रमांक पडतो, "कादंबरी" म्हणून नोंद होते आणि कपाटात लेखकाच्या नावाने जाऊन बसतं, ज्याला लेखकाचं नावच माहीत नाही त्याने ते शोधायचं कसं? त्या यादीत आणि त्या रजिस्टरमध्ये फक्त एक रकाना वाढवा: रहस्य, भय, विज्ञान, प्रणय, ऐतिहासिक, साहस. प्रकाशकाने पुस्तक पाठवताना स्वतःच भरून पाठवावा, लाज सोडून. ग्रंथपालाने कपाटाला एक चिठ्ठी चिकटवावी, "या वर्षी आलेल्या रहस्यकादंबऱ्या". खर्च, एक कागद आणि थोडा डिंक. आणि ज्यांच्या कादंबरीला यातला कुठलाच रकाना लागू पडत नाही असं त्यांना वाटतं त्यांनी खुशाल "इतर"मध्ये बसावं, आमची माणसं इतकी वर्षं तिथेच बसून होती, जागा चांगली उबदार करून ठेवलीये.